दगडफुलावर काढलेले दिवस
(प्रस्तावना)

गोडा मसाला करायला घेतला की दगडफूल वेगळं काढून निवडावं लागतं. वजनाला काहीच नाही, पन्नास ग्रॅम मागितलं तरी पिशवी फुगते. त्यात सालपटं निघतात, काड्या निघतात, एखादा खडाही निघतो. मग थेंबभर तेलावर परतलं की घरभर वास सुटतो. चिमूटभर पुरतं. कुणी ते वाटीभर उकडून जेवण म्हणून खाईल, असं मनातसुद्धा येत नाही.

1821 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तर कॅनडाच्या ओसाड माळावर काही माणसं दगडफुलाच्याच एका भाऊबंदावर जगत होती. आपलं दगडफूल जसं शैवाक, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार, तसंच तेही. काळपट, चामड्यासारखं, खडकाला एका देठाने चिकटलेलं. फ्रेंच बोलणारे नावाडी त्याला 'ट्रिप द रॉश' म्हणत, म्हणजे खडकावरची वजडी. बर्फ खरवडून ते काढायचं, उकळायचं आणि गिळायचं. चवीला कडू. कित्येकांच्या पोटात त्याने कळा येत, जुलाब होत, म्हणजे अंगात उरलेली ताकदही जाई. त्या मंडळींत एक माणूस असा होता, की तो हे शैवाक खात होता आणि खाता खाता त्याच्या जाती वेगळ्या ओळखत होता. त्याचं नाव जॉन रिचर्डसन. ब्रिटिश आरमारातला सर्जन. हे चरित्र त्याचं आहे.

मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. रिचर्डसन कधी हिंदुस्थानात आला नाही. पण त्याच्यासारखी माणसं आपल्याकडे येऊन गेली आहेत. हेन्री कार्टर हा कंपनी सरकारचा डॉक्टर 'पॅलिन्यूरस' या सर्वेक्षण जहाजाबरोबर अरबस्तानच्या किनाऱ्याने हिंडला आणि पुढे मुंबईत राहून इथल्या तळ्यांतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर लिहीत बसला. मुंबईच्या तळ्यात स्पंज असतात हे आजही अनेक मुंबईकरांना ठाऊक नसेल! एकोणिसाव्या शतकात अशा डॉक्टरांची एक जातच होती, आणि ती का तयार झाली हे समजून घेतल्याशिवाय रिचर्डसन समजत नाही.

कारण अगदी व्यवहारी होतं. लांबच्या सफरीवर निघालेल्या जहाजावर शिकलेली माणसं मोजकी. त्यांतल्या सर्जनला वनस्पती ओळखता येत, कारण त्या काळी औषधं बव्हंशी झाडपाल्याचीच आणि वनस्पतिशास्त्र हा वैद्यकाच्या अभ्यासक्रमाचाच भाग. चिरफाड त्याच्या हातातली. नमुने बुडवायला लागणारा मद्यार्क त्याच्याजवळ असायचा. जहाजावर सगळे धडधाकट असले की त्याला कामही नसायचं. मग वेगळा पगार देऊन निसर्गअभ्यासक कशाला न्यायचा? आरमाराचा हिशेब सरळ होता. 'बीगल' जहाजावर डार्विन गेला हे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. पण त्याच जहाजावर रॉबर्ट मॅककॉर्मिक नावाचा सर्जन होता, नमुने गोळा करणं हे आपलंच काम अशी त्याची समजूत होती, आणि कप्तानाचा हा पाहुणाच सगळा मान घेतो म्हणून तो चिडून 1832 मध्ये रिओ द जानेरोहून परत फिरला, हे कुणी सांगत नाही. मला मॅककॉर्मिकबद्दल थोडी सहानुभूती वाटते.

रिचर्डसनचा जन्म 5 नोव्हेंबर 1787 चा, स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीझचा. वडील बिअर बनवण्याच्या धंद्यातले, गावातलं बडं प्रस्थ. कवी रॉबर्ट बर्न्सचं घरी जाणं-येणं होतं. त्याने या मुलाला वाचायला स्पेन्सरचं काव्य दिल्याची हकिकत चरित्रकार आवर्जून सांगतात. मुलगा कवी झाला नाही. एडिंबरोत वैद्यक शिकला, 1807 मध्ये आरमारात शिरला आणि नेपोलियनशी चाललेल्या लढाया संपेपर्यंत जहाजांवर माणसं शिवत, कापत राहिला. युद्ध संपलं तसे आरमाराला एवढे सर्जन नकोसे झाले. अर्ध्या पगारावर घरी बसायची वेळ आली. 1816 मध्ये त्याने एडिंबरोची एम.डी. घेतली, विषय पीतज्वर. लीथमध्ये दवाखाना उघडला, लग्न केलं. सगळं तसंच चाललं असतं तर तो बंदरावरचा एक बरा डॉक्टर म्हणून मेला असता.

1819 मध्ये जॉन फ्रँकलिनच्या हाताखाली एक मोहीम निघाली. उत्तर अमेरिकेचा ध्रुवाकडचा किनारा नकाशावर जवळजवळ कोराच होता. तो जमिनीवरून जाऊन, कॉपरमाइन नदीच्या मुखापासून पूर्वेकडे मोजायचा होता. सर्जन आणि निसर्गअभ्यासक ही दोन्ही कामं मिळून रिचर्डसन गेला. बरोबर जॉर्ज बॅक आणि रॉबर्ट हूड हे दोन तरुण अधिकारी, दोघेही चित्रं काढणारे. आणि जॉन हेपबर्न हा साधा खलाशी. इंग्रज म्हणावेत असे एवढे पाचच. बाकीचे फ्रेंच-कॅनेडियन आणि इरोक्वॉय नावाडी, दोन दुभाषे, दोन इनुइट. अन्न पुरवण्याचा भरवसा यलोनाइफ जमातीचा नायक अकाइचो याच्या शिकाऱ्यांवर.

या मोहिमेची सुरुवातीची दोन वर्षं मी पुस्तकात चटकन उरकली आहेत. त्यात वाटचाल, थंडी आणि फर-कंपन्यांची आपसातली भांडणं यापलीकडे फारसं नाही. एक गंमत मात्र सोडवली नाही. ग्रीनस्टॉकिंग्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका यलोनाइफ मुलीवरून बॅक आणि हूड यांचं बिनसलं, गोष्ट द्वंद्वयुद्धावर आली, आणि हेपबर्नने गुपचूप दोघांच्या पिस्तुलांतली दारू-गोळी काढून ठेवली. पुढे हेपबर्ननेच हे सांगितलं. ध्रुवप्रदेशात पुढे उपाशी मरायच्या बेताला येणाऱ्या माणसांनाही याला वेळ होता.

1821 च्या उन्हाळ्यात सालीच्या होड्यांतून त्यांनी किनारा मोजला. परतायला उशीर झाला, आणि मग माळावरून पायी फोर्ट एंटरप्राइझ या आपल्या ठाण्याकडे निघाले तेव्हा हिवाळा अंगावर आला होता. हरणं दक्षिणेला निघून गेलेली. होड्या वाटेत फुटल्या, टाकल्या गेल्या. रिचर्डसनने समुद्रकिनाऱ्यावरून गोळा केलेल्या वनस्पती आणि खनिजं उचलवेनात म्हणून वाटेतच ठेवून दिली. याच वाटेवर एके दिवशी पेरो नावाच्या नावाड्याने स्वतःच्या वाट्यातून वाचवलेला मांसाचा एकेक लहान तुकडा प्रत्येक अधिकाऱ्याला दिला. फ्रँकलिन लिहितो की डोळ्यांत पाणी आलं. पेरोचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

कॉपरमाइन नदी आडवी आली आणि होडी नव्हती. वाळुंजाच्या ओल्या फांद्यांचा तराफा बांधला, पण तो पलीकडे नेणार कोण? 29 सप्टेंबरला रिचर्डसन म्हणाला, दोरी घेऊन मी पोहत जातो. पाणी जेमतेम 3-4 अंशांचं. पाण्यात उतरतानाच त्याचा पाय एका उघड्या सुरीवर पडला आणि हाडापर्यंत चिरला गेला. तरी निघाला. हात बधिर झाले तसा उताणा होऊन पायांनी पाणी कापू लागला. समोरचा काठ अगदी जवळ आला असताना पायही गेले, आणि तो दिसेनासा झाला. लोकांनी दोरीने ओढून काढलं. कपडे काढून जाळाशेजारी निजवलं तेव्हा त्याच्या अंगाचा सापळा पाहून नावाडी कळवळले. आपलीही अंगं अशीच झाली आहेत हे त्यांना तेव्हा दिसलं. थोडं बोलता येऊ लागताच त्यानेच स्वतःवरचे उपचार सांगायला सुरुवात केली. पण जाळ फार जवळ होता. डाव्या बाजूच्या कातडीची संवेदना गेली, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरती परतली नाही.

नदी शेवटी ओलांडली ती 4 ऑक्टोबरला, दुभाषा सेंट जर्मेनने कापडाची होडी बनवली तेव्हा. आता माणसं वाटेत पडू लागली होती. हूडला शैवाक मुळीच पचत नव्हतं. 7 ऑक्टोबरला ठरलं की रिचर्डसन आणि हेपबर्न यांनी हूडजवळ तंबूत राहायचं, फ्रँकलिनने पुढे जाऊन ठाण्यावरून मदत पाठवायची. फ्रँकलिनबरोबरच्या चौघांना पुढे चालवेना, ते तंबूकडे परत फिरले: मिशेल हा इरोक्वॉय, बेलांजे, फोंतानो, आणि पेरो. पोहोचला एकटा मिशेल.

पुढचे पंधरा दिवस म्हणजे या चरित्राचा मध्य. त्या दिवसांची हकिकत फक्त रिचर्डसनने लिहिली आहे. मिशेलने मांस आणलं, लांडग्याचं म्हणून. तिघांनी ते खाल्लं. लांडगा कसला, ते बेलांजे किंवा पेरोचं असावं, असा संशय नंतर आला. मिशेल वेगळा झोपू लागला, शिकारीला जाईना, विचारलं तर अंगावर येई. गोऱ्यांनी आपल्या चुलत्याला आणि आणखी दोन नातेवाइकांना मारून खाल्लं आहे, असं तो एकदा म्हणाल्याचं रिचर्डसनच नोंदवतो. 20 ऑक्टोबर. रिचर्डसन शैवाक काढायला गेला होता, हेपबर्न लाकूड तोडत होता, तंबूपाशी हूड आणि मिशेल. गोळीचा आवाज आला. हूड शेकोटीशी मरून पडलेला. मिशेल सांगे की आपण तंबूत गेलो असताना बंदूक उडाली, चुकून की कशी ते ठाऊक नाही. रिचर्डसनने जखम पाहिली: गोळी डोक्याच्या मागच्या बाजूने शिरून कपाळातून बाहेर पडलेली, टोपी जळलेली, म्हणजे नळी अगदी टेकवलेली. बंदूक लांब नळीची. स्वतःच्या हाताने तसं करणं शक्य नाही. हूडशेजारी एक धार्मिक पुस्तक उघडं पडलं होतं. खणायची ताकद कुणात नव्हती, म्हणून प्रेत वाळुंजाच्या जाळीत ठेवलं आणि जाळाशी येऊन अंत्यविधीची प्रार्थना म्हटली. मिशेल शेजारीच बसलेला.

तीन दिवसांनी तिघं ठाण्याकडे निघाले. मिशेलजवळ बंदूक, दोन पिस्तुलं, संगीन आणि सुरी. शैवाक काढतो म्हणून तो मागे राहिला, आणि हूड मेल्यापासून पहिल्यांदाच रिचर्डसन आणि हेपबर्न एकटे बोलू शकले. हेपबर्न म्हणाला, मी करतो. रिचर्डसन म्हणाला, जबाबदारी माझी. मिशेल वर येताच त्याने पिस्तुलाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. शैवाक त्याने गोळा केलंच नव्हतं. बंदूक ठाकठीक करत थांबला होता, असं रिचर्डसन लिहितो.

इथे मला माझं मत सांगितलं पाहिजे, कारण पुढची पानं त्या मतातूनच लिहिली गेली आहेत. साक्षीदार म्हणून मी रिचर्डसनवर विश्वास ठेवतो. माशाच्या परात किती काटे आहेत हे जो माणूस मोजून लिहायचा, त्याने जखमेचं वर्णन वाकवलं असेल असं मला वाटत नाही. पण जखम सांगणं वेगळं आणि शिक्षा देणं वेगळं. बेलांजे आणि पेरो यांचं काय झालं हे त्याने पाहिलं नव्हतं. तो तर्क होता, आणि उपाशी, घाबरलेल्या माणसाचा तर्क होता. मिशेलने हूडला का मारलं याचं उत्तर त्या हकिकतीत नाही. फर-व्यापारातला व्हेंट्झेल हा माणूस मोहिमेशी जवळून संबंधित होता. त्याने रिचर्डसनवर उघड खुनाचा आरोप केला. त्याचंही फ्रँकलिनशी वाकडं होतं, तेव्हा त्याचा शब्द तरी कितपत धरायचा? खटला झाला नाही. आरमाराने सर्जनची हकिकत स्वीकारली, 1823 मध्ये फ्रँकलिनच्या ग्रंथात ती छापून आली.

आणखी एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. माळावरून निघालेल्या 20 जणांपैकी 11 मेले. पाच इंग्रजांतला एक आणि इतर पंधरांतले दहा. ओझी कुणी वाहिली, याचं उत्तर या आकड्यात आहे.

29 ऑक्टोबरला रिचर्डसन आणि हेपबर्न ठाण्यावर पोहोचले. तिथे अन्नाचा कण नव्हता. फ्रँकलिन आणि तिघे जण जुन्या कातड्यांचं आणि उकिरड्यावरच्या हाडांचं पाणी पिऊन तग धरून होते. हेपबर्नने वाटेत मारलेला एक पक्षी सहा जणांनी वाटून खाल्ला. तुमचे आवाज थडग्यातून आल्यासारखे येताहेत, जरा उल्हासाने बोला, असं डॉक्टरने त्यांना बजावलं. त्याचा स्वतःचा आवाजही तसाच होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. 7 नोव्हेंबरला अकाइचोची माणसं मांस घेऊन आली. त्यांनी जागा झाडली, जाळ केला, या सांगाड्यांना लहान मुलांसारखं जपून भरवलं. फ्रँकलिन पुढे 'बूट खाल्लेला माणूस' म्हणून इंग्लंडभर गाजला. अकाइचोचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

एवढं झाल्यावर माणूस पुन्हा तिकडे जाईल? रिचर्डसन 1825 मध्ये गेला. फ्रँकलिनबरोबरच, पण या वेळी होड्या भक्कम आणि शिधा भरपूर. 'डॉल्फिन' आणि 'युनियन' या दोन होड्या घेऊन त्याने मॅकेंझी आणि कॉपरमाइन या नद्यांच्या मुखांमधला सारा किनारा मोजला, आणि एकही माणूस गमावला नाही. हा प्रवास वाचायला नीरस आहे. तसाच तो असायला हवा होता.

त्यानंतर ग्रंथ आला. ब्रिटिश अमेरिकेच्या उत्तर भागातल्या प्राण्यांवरचे चार खंड, 1829 ते 1837. सस्तन प्राणी आणि मासे त्याने स्वतः लिहिले, पक्षी विल्यम स्वेन्सनबरोबर, कीटकांचा खंड विल्यम कर्बीने. माशांत त्याचा जीव रमत असे. पुढे चीन-जपानकडच्या आणि दक्षिण ध्रुवाकडच्या सफरींतून आलेल्या माशांचं काम त्याच्याकडेच आलं. त्याच्या नावाची एक जमिनीत बिळं करणारी खारही आहे. कॅनडाच्या गवताळ प्रदेशातले शेतकरी तिला उपद्रवी समजून विष घालतात.

1838 पासून तो पोर्ट्समथजवळच्या हॅसलर इथल्या आरमारी इस्पितळात होता. माणूस अबोल, हाताखालच्यांना तुसडा वाटणारा. 1846 मध्ये तिथे पुढे प्राणिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला थॉमस हक्स्ली नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा नेमणुकीची वाट पाहत पडून होता. बाकीच्यांना जहाजं मिळत होती, त्याला नाही. म्हाताऱ्याचं आपल्याकडे लक्षच नाही अशी त्याची समजूत. रिचर्डसन त्याच्यासाठी काही चांगलं हाती लागायची वाट पाहत होता. मग 'रॅटलस्नेक' जहाजाच्या ऑस्ट्रेलिया-सफरीवर त्याची वर्णी लावली. हक्स्लीचं सारं पुढचं आयुष्य त्या सफरीतून निघालं. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर हाही दक्षिण ध्रुवाकडे जाण्याआधी हॅसलरमध्येच होता.

1845 मध्ये फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं घेऊन पुन्हा उत्तरेकडे निघाला तो परतला नाही. 1848 मध्ये रिचर्डसन त्याला शोधायला गेला, वयाच्या साठाव्या वर्षी, जॉन रे याला बरोबर घेऊन. काही सापडलं नाही. 1854 मध्ये रे याने इनुइटांकडून ऐकलेलं कळवलं: फ्रँकलिनची माणसं उपासमारीत एकमेकांना खात मेली. इंग्लंड खवळलं. चार्ल्स डिकन्सने इंग्रज अधिकारी असं करणारच नाहीत हे पटवायला आपल्या साप्ताहिकात लेख लिहिला, आणि पुरावा म्हणून काय काढलं? रिचर्डसनची मिशेलवरची हकिकत. एका सर्जनने सोसून, घाबरून लिहिलेली पानं अशी एका संपूर्ण समाजाला रानटी ठरवायला वापरली गेली. इनुइट खरं बोलत होते, हे पुढे त्या खलाशांच्या हाडांवरच्या सुऱ्यांच्या खुणांनी दाखवलं.

निवृत्तीनंतर तो ग्रासमियरला राहिला. इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशासाठी जुने ग्रंथ वाचून शब्द टिपत असे. तीन लग्नं, तिन्ही बायकांचं नाव मेरी. 5 जून 1865 ला वारला.

हे चरित्र हातात घेणाऱ्या वाचकाला एक विनंती. मिशेलचं प्रकरण आधी उघडून वाचू नका. मी स्वतः तसंच केलं होतं आणि बराच काळ मला रिचर्डसन दिसलाच नाही. 1823 च्या ग्रंथाला त्याने जोडलेल्या वनस्पतींच्या परिशिष्टापासून सुरुवात करा. आपल्या मृत मित्राच्या आणि सोबत्याच्या स्मृतीला छोटीशी आदरांजली म्हणून हे नाव दिलं आहे, अशा अर्थाचं टिपण त्यात एका वनस्पतीखाली आहे. जमिनीसरशी पसरणारं, उशीसारखं झुडूप, पाच पाकळ्यांची पांढरी किंवा फिकट जांभळी फुलं. बर्फ वितळलं की कार्लटन हाउस या फर-कंपनीच्या ठाण्याच्या आसपासचा माळ त्याने भरून जातो. रिचर्डसनने त्याला फ्लॉक्स हूडी म्हटलं. वनस्पतिशास्त्रात ते नाव अजून चालतं.